साक्षीला साक्ष

१

आमच्या प्लास्टर रूममध्ये नवीन माणूस आला की त्याला पहिली गोष्ट सांगतात ती ही: ओलं प्लास्टर तळहातानं दाबायचं, बोटांनी नाही. बोटाचा खळगा तसाच वाळतो आणि आतली कातडी सडवतो. हे मी आजवर किती जणांना ओरडून सांगितलं असेल, देव जाणे. हाड बसवणार डॉक्टर, पट्टी गुंडाळणार मी, आणि हात मोडून आलेला माणूस ज्या शिव्या घालतो त्या खाणारही मीच.

तर असल्या बाईनं अमेरिकेतलं सुरुवातीचं साहित्य शिकायचं काय नडलं होतं? सांगते. विभागप्रमुख व्हायचं तर पदवी पाहिजे, अशी वरून टूम निघाली. माझी पदवी एका विषयावाचून अडलेली. ऑनलाइन कॉलेजात चौकशी केली तर बाकीचे वर्ग भरलेले, या एकाच विषयाला जागा. म्हटलं, चला, अडला हरी. अमेरिका तर अमेरिका.

वर्ग शनिवारी दुपारी असायचा. जेवणं आटोपली की मी बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि आतल्या खोलीत वन्संचं शिलाई मशीन सुरू व्हायचं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, दुकानांना पडदे शिवून देतात. आमचे हे बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आम्ही दोघी, आणि मध्ये एक भिंत होती म्हणून दोघी टिकलो. वन्संचं मन चांगलं, पण स्वतःची चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नाही. दूध उतू गेलं तर गॅस आगाऊ, पडदा आखूड झाला तर खिडकी लांब. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण त्यांना बघूनच कोणीतरी केली असणार.

वर्गात पडद्यावर दहाबारा चौकटी दिसायच्या, एकेकीत एक चेहरा. मला लोकांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझीच ठेवली होती. टोपीवाला. मांजरवाली, जिचं मांजर कायम मांडीवर. एक निवृत्त आजोबा. एक मुलगी सारखी काहीतरी कुरकुरीत खात असायची, ती चरणारी. आणि आमच्या मॅडम, अगदी मऊ बोलणाऱ्या. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

आणि खरं सांगू? विषय मला आवडायला लागला होता. ती प्रवचनं, त्या रोजनिश्या, जंगलात पळवून नेलेल्या बायकांच्या हकिकती. समुद्र ओलांडून आलेली ती माणसं सतत घाबरलेली असायची. जंगलाला भ्यायची, थंडीला भ्यायची, देवाला तर भ्यायचीच. सगळ्यात जास्त भ्यायची ती शेजारणीला.

२

त्या शनिवारी चेटकिणींच्या खटल्यांमधल्या साक्षी वाचायच्या होत्या. वाचून झाल्या आणि मॅडम म्हणाल्या, “आता या साक्षी आतून समजून घेऊ. एकानं एक शेजारीण कल्पायची आणि तिच्यावर आरोप करायचा. पुढच्यानं त्याच्या साक्षीला आपली साक्ष जोडायची. खोडायची नाही, पुढे न्यायची. खोडलं तर गुण नाहीत. त्या काळचं न्यायालय असंच चालायचं.”

कोणी हात वर करेना. मग मॅडमनी गोड हसून माझंच नाव पुकारलं.

कर्म माझं! सकाळची पाळी करून आलेली मी, डोक्यात प्लास्टर भरलेलं. शेजारीण कल्पायची कुठून? समोर अर्धवट उघडं दार होतं, दारातून वन्सं दिसत होत्या. मान वाकडी करून दोरा तोडत होत्या, दातांनी. कैची शेजारी असताना दातांनी. मला त्या सवयीचा जाम वैताग. मग काय, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते केलं.

“ती हिरवा स्वेटर घालते,” मी सुरू केलं. “डाव्या पापणीवर तीळ आहे. दातांनी दोरे तोडते. मी झोपले की ती भिंतीतून येते आणि माझ्या छातीवर बसते.”

“वा!” मॅडम म्हणाल्या. “फारच जिवंत. जोडा.”

टोपीवाला म्हणाला, मीही तिला पाहिलंय, माझ्या गळ्याला हात घातला तिनं. आजोबा म्हणाले, ती आली की माझ्या खोलीत मशीनचा खडखडाट होतो. मला हसू आलं, म्हटलं आमच्या मशीनचा आवाज जात असेल माइकमधून. चरणारीनं खाता खाता मान डोलावली. मग मांजरवालीची पाळी आली.

“ती माझ्या पायथ्याशी उभी होती,” मांजरवाली हळूच म्हणाली. “एकाच पायात मोजा होता. उजव्या. डावा पाय उघडा.”

माझं हसू तिथेच थांबलं. वन्संच्या उजव्या पायाला गार लागतं, म्हणून त्या झोपताना तेवढा एकच मोजा घालतात. हे मी बोलले नव्हते. हे बोलण्यासारखं काही नव्हतंच. घराबाहेरच्या कोणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

अंदाजानं बोलली असेल, मी स्वतःला समजावलं. माणसं काय वाटेल ते कल्पतात, आणि दहातलं एक बरोबर येतंच. मॅडमनी मला पूर्ण गुण दिले, आणि मला त्याचा आनंदही झाला. खोटं कशाला बोलू?

३

दुसऱ्या दिवशी वन्सं भांडी घासताना बाह्या वर करेनात. स्वेटरच्या बाह्या भिजल्या तरी करेनात. मी मागून जाऊन बाही सारली.

दंडावर वळ होते. मी रोज माणसांचे काळेनिळे हातपाय बघते. पडल्याचा डाग वेगळा, आपटल्याचा वेगळा, आणि धरल्याचा वेगळा. हे धरल्याचे होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. शेजारी दुसरा हात, मोठा, रुंद. त्याच्या खाली एक बारीक, बाईचा, एका बोटात अंगठी असावी असा.

“हे काय वन्सं?”

“दारावर आपटले.”

“दाराला बोटं असतात का?”

“तुझ्या डोळ्यांना असतील,” म्हणाल्या आणि बाही खाली ओढली. “जा, तुझी अमेरिका वाच.”

मी दाराची कडी बघितली, खिडक्यांचे गज बघितले. घरात कोणी येण्यासारखं नव्हतं. मग डोकं लढवलं. वय झालं की रक्त पातळ होतं, नुसता स्पर्श झाला तरी डाग पडतात. मी त्यांना ओढत हॉस्पिटलात नेलं आणि रक्त तपासून घेतलं. सगळं ठणठणीत निघालं. पॅथॉलॉजीतला मुलगा म्हणाला, “तुमच्यापेक्षा चांगलं आहे यांचं रक्त.” वन्संनी परत येताना वाटेत हे मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

मीच झोपेत उठून काही करते की काय, असंही मनात येऊन गेलं. स्वतःचा हात त्या वळांवर ठेवून पाहिला. कुठल्याच वळाला तो बसला नाही, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली.

४

पुढच्या शनिवारी ‘तपासणी’ होती. संशयित बाईच्या अंगावर एखादी खूण असते, तिथे टोचलं तरी तिला लागत नाही, अशी त्या लोकांची समजूत. म्हणून ते सुया घेऊन अंगभर शोधायचे. मॅडमनी हे सगळं त्यांच्या मऊ आवाजात वाचून दाखवलं. मग पुस्तक मिटलं.

“मागची बाई आठवतेय ना? हिरव्या स्वेटरची? जोडा.”

आत वन्संचं मशीन चालू होतं.

“मी खांद्याच्या खाली टोचलं,” टोपीवाला म्हणाला.

मशीन थांबलं.

“मी मानेच्या मुळाशी,” आजोबा म्हणाले. ते आता माझ्या ओळखीचे आजोबा दिसत नव्हते. वाकून कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले होते की चौकटीत नुसतं तोंड मावत होतं.

आतून आवाज आला, “आई गं!” फार मोठा नाही. वन्सं ओरडतात तेव्हा खालच्या मजल्यावर ऐकू जातं. हा दाबलेला होता.

“मी पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये,” चरणारी म्हणाली आणि कुरकुर करत घास चावला. आतून पुन्हा आवाज. मी खुर्ची मागे सारली.

“आता तुम्ही,” मॅडम मला म्हणाल्या. “तुमच्यापासून तर सुरुवात झाली. बसा ना.”

आणि मी बसले. अजून मला माझीच कमाल वाटते. मनाशी म्हटलं, पटकन एक वाक्य टाकावं आणि मोकळं व्हावं. उगीच गुण कशाला घालवा? “मी कमरेवर टोचलं,” मी म्हटलं. “जोरात.” आणि धावत आत गेले.

वन्सं उभ्या होत्या, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलेलं. गाऊनच्या पाठीवर लाल ठिपके उमटत होते. खांद्याखाली, मानेच्या मुळाशी, फऱ्यांच्या मध्ये. आणि कमरेवर एक, सगळ्यांत मोठा, ताजा. तो माझ्या डोळ्यांदेखत पसरत गेला.

“टाचण्यांवर बसले असेन,” वन्सं दात आवळून म्हणाल्या.

“पाठीनं बसलात?”

 टाचण्यांची उशी टेबलावर होती, सगळ्या टाचण्या जागच्या जागी खोचलेल्या. मी औषध लावलं. कमरेवरच्या जखमेत बोटाचं पेर जाईल एवढं भोक होतं. ते साफ होईपर्यंत त्यांनी टेबलाची कड सोडली नाही. शेजारच्या खोलीत लॅपटॉप चालूच होता. मॅडम कोणाला तरी शाबासकी देत होत्या.

५

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, हा प्रकार बंद करा, मी ती बाई कल्पलेली नाही, ती माझ्या घरातली आहे आणि तिला लागतंय.

“लेखन इतकं अंगात भिनतं कधीकधी,” मॅडम म्हणाल्या. “चांगली खूण आहे.”

“मी साक्ष मागे घेते.”

मॅडमचा आवाज तसाच मऊ राहिला. “साक्ष मागे घेणाऱ्यांचं काय व्हायचं ते वाचलंत ना तुम्ही?”

वाचलं होतं. मागे घेणारा स्वतःच आरोपी व्हायचा. सुटायचा रस्ता एकच असायचा. ‘मी चेटकीण आहे’ असं कबूल करायचं आणि जोडीदारणीचं नाव सांगायचं. जी कबूल करायची ती जगायची. जी शेवटपर्यंत ‘मी काही केलं नाही’ म्हणायची, तिला लटकवायचे. आणि जो कोणी तोंडच उघडायचा नाही त्याच्या छातीवर फळी ठेवून वर दगड रचायचे, बोलेपर्यंत.

मी ठरवलं, वर्गालाच जायचं नाही. मीच नसले तर खेळ कसला? शनिवारी मुद्दाम कामाची पाळी मागून घेतली. दुपारी एकाचा पाय प्लास्टरमध्ये घालत होते, तेवढ्यात दारातून चाकांची खुर्ची आली. खुर्चीत वन्सं. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन घेऊन आला होता. वरून काहीतरी धपधप पडल्याचा आवाज आला म्हणून त्यानं दाराची कडी तोडली होती.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला. मनगट मोडलेलं आणि बरगड्या गेलेल्या. “पडल्या म्हणतात,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “पण पडून दोन्हीकडच्या बरगड्या अशा सारख्या मोडत नाहीत. कपाट वगैरे कोसळलं का अंगावर?”

आमच्या घरात एवढं जड काहीही नाही.

मी मनगटावर कापूस गुंडाळला, पट्टी कोमट पाण्यात बुडवली. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “माझ्या छातीवर बसले गं. एक उठला नाही तोवर दुसरा. दिसत कोणी नव्हतं. नुसते म्हणत होते, बोल.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, मी काही केलेलं नाही. उठा माझ्या अंगावरून.”

मला रडू फुटलं. प्लास्टर ओलं होतं, त्यात माझी बोटं रुतली, आणि मला ते सगळं सोडवून परत पहिल्यापासून गुंडाळावं लागलं.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. स्वेटर, तीळ, दोरा, काहीही लपवलं नाही. वाटलं होतं, थोबाडीत मारतील. त्यांनी नुसतं अंगावरच्या स्वेटरकडे खाली बघितलं.

“जगात एवढ्या बायका पडल्यात,” मग म्हणाल्या, “आणि तुला मीच सापडले?”

“चुकलं वन्सं. पाया पडते. पण आता माझं ऐका. ते आले की म्हणा, हो, मीच आहे. म्हणजे सोडतील.”

“न केलेलं केलं म्हणू?”

“नुसतं म्हणायचं आहे!”

“तुझ्या परीक्षेसाठी?”

“तुमच्या जिवासाठी हो!”

“जीव माझा आणि जीभही माझी,” वन्सं म्हणाल्या. बरगड्या धरून उठल्या आणि आत गेल्या. अशा माणसापुढे डोकं फोडावं की त्याचं फोडावं, कळत नाही. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. त्यांना श्वास घेताना दुखायचं, आणि ते कण्हणं मी भिंतीला कान लावून ऐकायची. पुढचा शनिवार निकालाचा होता. निकालात काय व्हायचं हे धड्यात छापलेलंच होतं. दोर, फांदी आणि बघायला आलेला गाव.

६

मी विचार केला, पळून उपयोग नाही, हे तर कळलं. मग समोरासमोर जाऊ. ती वर्गातली माणसं काय राक्षस आहेत? विद्यार्थीच आहेत माझ्यासारखे. हाताला प्लास्टर घातलेली एक म्हातारी होत चाललेली बाई त्यांनी डोळ्यांनी बघितली की त्यांनाच लाज वाटेल. शनिवारी दुपारी मी वन्संना शेजारी खुर्चीवर बसवलं आणि लॅपटॉप उघडला. वन्सं यायला तयार झाल्या त्या एवढ्यासाठी की त्यांना तोंडावर सुनवायचं होतं.

सगळे आधीच हजर होते. 

“ही बघा,” मी म्हटलं. “ही माझी नणंद. हिला तुमच्यामुळे...”

“हीच,” मांजरवाली म्हणाली.

“हीच ती,” आजोबा म्हणाले. मग टोपीवाला, मग बाकीचे, एकामागून एक. चरणारीचं तोंड भरलेलं होतं, तिनं बोट दाखवलं.

मग ते उठले. रागानं नाही, चहाला उठावं तसे. एक एक चौकट रिकामी होत गेली. मागे खुर्च्या तेवढ्या हलत राहिल्या. मांजरवालीचं मांजर मांडीवरून फेकलं गेलं होतं आणि शेपटी फुलवून, कॅमेऱ्यात नव्हे, त्या खोलीच्या दाराकडे बघत होतं. शेवटी फक्त मॅडम राहिल्या.

आमच्या जिन्यात पावलं वाजायला लागली. बरीच पावलं होती.

“एवढी माणसं कोणाकडे?” वन्संनी विचारलं.

पावलं आमच्या दाराशी थांबली. आता पलीकडे काहीच हालत नव्हतं. फक्त एक आवाज येत होता, दाराला अगदी चिकटून. कुरकुर, कुरकुर. कोणीतरी चावत होतं.

मी लॅपटॉपवर ओरडले, “मॅडम, मी खोटं बोलले! हिनं काहीही केलेलं नाही! सगळं मी रचलं!”

“म्हणजे साक्ष मागे?” मॅडमनी विचारलं.

“हो! मागे!”

दार उघडलंच नाही. माझे केस मागून कोणीतरी मुठीत धरले आणि मला खुर्चीसकट उताणं पाडलं. डोकं फरशीवर आदळलं. छातीवर वजन आलं, मग त्यावर आणखी एक. वर बघते तर आमचं छत, कोपऱ्यातलं जळमट, बाकी काही नाही. तोंडावर कोणाचा तरी श्वास येत होता, त्याला तळणाचा वास होता. माझी बरगडी मोडली तेव्हा मला कळलं. रोज मोडलेली हाडं बघते मी, पण तो आवाज आतून ऐकला नव्हता.

“बोल,” कोणीतरी कानात म्हणालं.

वन्संची खुर्ची सरकली. “सोडा तिला!” त्या खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या. “मी आहे! मीच बसत होते हिच्या छातीवर! मीच, कबूल! सोडा!”

वजन तसंच राहिलं, पण वाढायचं थांबलं.

“छान,” मॅडमचा मऊ आवाज आला. “आणि तुमच्याबरोबर कोण होतं? सांगावं लागतं.”

वन्संनी फरशीवर माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी प्लास्टरचा हात उचलला आणि पडद्याकडे रोखला.

“ही होती. ही मऊ बोलणारी. हिनंच सगळ्यांना गोळा केलं.”

छाती एकदम हलकी झाली. मी कशीबशी कोपरावर उठले. दाराशी चावण्याचा आवाज नव्हता. तो आता लॅपटॉपमधून येत होता.

मॅडमनी मान वळवून मागे बघितलं. मागे पांढरी भिंत आणि बंद दार. “हे पहा,” त्या म्हणाल्या, “हा अभ्यास आहे. आपण मजकूर वाचतो आहोत...” तेवढ्यात त्यांचं डोकं टेबलावर आपटलं. कोणी आपटलं ते दिसलं नाही. पुन्हा वर उचललं गेलं, पुन्हा आपटलं. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली, एक दात घरंगळत कीबोर्डवर आला. चौकटीच्या कडेला क्षणभर हात दिसले, लहान, मोठे, एका बोटात अंगठी. मॅडमचा गाल टेबलावर दाबून धरला होता आणि पाठीवर काहीतरी चढत होतं. पाठ खाली खाली जात होती.

“बोल,” पलीकडे सगळे मिळून म्हणत होते.

“बंद कर ते,” वन्सं म्हणाल्या. माझे हात हलेनात.

नियम मॅडमना आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. त्यांनी ‘मी नाही’ असं एकदाही म्हटलं नाही. रक्तानं भरलेल्या तोंडानं त्या म्हणाल्या, “हो, मी.” मग त्यांचा उघडा डोळा कॅमेऱ्याकडे वळला. माणसं असलेली चौकट आता एकच उरली होती. वन्संचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. माझं होतं, दर शनिवारी हजेरीला घ्यायच्या. तसंच आडनावासकट, स्पष्ट उच्चारलं.

मी लॅपटॉपचं झाकण आपटलं.

“काय म्हणाली गं ती?” वन्संनी विचारलं.

“काही नाही. ऐकू नाही आलं.”

वन्सं काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी एका हातानं खुर्ची दाराकडे ओढत नेली, दाराला पाठ लावून बसल्या. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “ते आले की तू हो म्हण, नाही म्हण, काय वाटेल ते म्हण. पण कोणाचंही नाव घ्यायचं नाही. मी एक घेतलं, बिचारीचं काय झालं बघितलंस. हे आता आपल्या घरात थांबलं पाहिजे.”

“नाही घेणार,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या क्षणी मला त्यांच्याइतकं जवळचं जगात कोणी नव्हतं, आणि हे मी त्यांना सांगितलंही. वन्संनी नाक मुरडलं, पण हात पुढे केला आणि मी तो धरला.

जिन्यात पावलं वाजली. वन्सं दाराला टेकून बसल्या होत्या, तरी माझ्या मागे कोणीतरी उभं राहिलं. केस मुठीत आले. मोडलेल्या बरगडीवर एक गुडघा टेकला आणि हळूहळू दाबत गेला, पहिल्या वेळेपेक्षा सावकाश. मी ओरडले. वन्सं माझा हात सोडत नव्हत्या. “गप्प राहा,” म्हणत होत्या, “गप्प राहा गं पोरी, गप्प राहा.”

“बोल,” कानात आवाज आला.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांना वन्सं म्हणत आले. मोठ्या नणंदेला नावानं कोण हाक मारतं? त्या दुपारी, त्यांचा हात हातात असताना, मी पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं.